‘आपात्कालीन’ नको, आणि आणीबाणीतली आणी

प्रश्न असा: विमानाचं पुढचं चाक वळवणारी यंत्रणा बिघडून चाक आडवं अडकलं, तर बातमीत ‘आपात्कालीन लँडिंग’ लिहायचं की ‘आपत्कालीन’? आणि त्या चाकाला, म्हणजे नोज गिअरला, मराठीत काय म्हणायचं?

‘आपत्कालीन’. आपद् म्हणजे संकट, त्याचा काळ तो आपत्काल. ‘आपात्कालीन’ हा शब्द संस्कृतात नाही, मराठीत नाही, हिंदीतही नाही. हिंदीत ‘आपातकालीन’ आहे आणि त्यातला ‘आपात’ पत् धातूचा, म्हणजे पडण्याचा, येऊन आदळण्याचा. आपण त्यांचा काना उचलला, आपला पाय मोडलेला त तसाच ठेवला आणि रोज टीव्हीच्या पट्टीवर हे धेडगुजरी वाचून डोकं उठतं. सुखरूप उतरलेल्या विमानाला आदळण्याचा शब्द कशाला लावायचा?

पण घरात ‘आणीबाणी’ असताना या दोन शब्दांच्या दारात जायचंच कशाला? हा शब्द १९७५ साली जन्माला आला असं समजणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणसावर ‘आणीबाणीची वेळ’ येतच होती. आणि त्यातली ‘आणी’ काय आहे ते बघा. संस्कृतात आणि म्हणजे चाक आसावरून निसटू नये म्हणून ठोकलेली खीळ. ऋग्वेदातल्या सवित्याच्या सूक्तात (१.३५) ‘आणिं न रथ्यम्’ अशी उपमा आहे: रथ आणीवर तोलून असतो, तसं जे जे अमर ते त्याच्यावर तोललेलं आहे. तमिळमध्ये साध्या खिळ्याला आजही ‘आणि’ म्हणतात आणि चाकाच्या खिळीला ‘अच्चाणि’. मग आणीबाणीची वेळ म्हणजे सगळा गाडा त्या एका खिळीवर येऊन ठेपल्याची वेळ, असं माझं ठाम मत आहे. ‘बाणी’ ही तिची नुसती पडछाया. ‘आजूबाजू’त बाजू खरी आणि आजू नंतर चिकटलेली, तसंच हे, फक्त उलट्या क्रमाने. ‘बाणी’त बाणा शोधणाऱ्यांनी आधी ‘आणी’चा अर्थ लावून दाखवावा. तिथे ते गप्प होतात, आणि अर्धा शब्द सोडून दिलेली व्युत्पत्ती मी मानत नाही.

आता विमान. २१ सप्टेंबर २००५ रोजी बरबँकहून न्यूयॉर्कला निघालेल्या जेटब्लू या अमेरिकी विमान कंपनीच्या एअरबस ए-३२० चं पुढचं चाक काटकोनात वळून बसलं. आत १४६ माणसं. या विमानाला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसते, म्हणून ते जाळण्यासाठी दोन तासांहून जास्त घिरट्या घातल्या. प्रवासी समोरच्या छोट्या पडद्यावर आपल्याच विमानाची बातमी थेट बघत होते. लॉस एंजेलिसला वैमानिकाने आधी मागची चाकं टेकवली आणि नाक जितकं उशिरा खाली आणता येईल तितकं उशिरा आणलं. टायर जळून गेले, धातूची रिम धावपट्टीवर ठिणग्या उडवत घासत गेली, पण विमान मधली रेघ न सोडता थांबलं. कुणाला खरचटलंही नाही.

चौकशीत काय निघालं? चाकाच्या दांड्याला गोल फिरू न देणारे धातूचे दोन कान, कढईला असतात तसे, थकून तुटले होते. प्रत्येक वेळी उतरण्याआधी यंत्रणा चाक जरासं हलवून स्वतःची चाचणी घ्यायची. त्या रोजच्या हिसक्यांनी ते कान गेले. एवढं मोठं विमान आणि तुटलं काय, तर चाकाला जागेवर धरणारा हाताएवढाही नसलेला तुकडा. याला आणी नाही म्हणायचं तर कशाला?

म्हणून ‘आणीबाणीचं उतरणं’ लिहा. अगदीच अवघड वाटलं तर ‘आपत्कालीन’ लिहा, पण प ला काना देऊ नका.

नोज गिअर राहिलंच. ‘पुढचं चाक’ म्हणा. धावपट्टीवर काम करणारी आपली पोरंही तेच म्हणतात.