पॉलिसी घेशील, पण बाईला परत पाठवू नकोस

प्रिय डॉक्टर,

शहाद्यात प्रसूतिगृह टाकते आहेस, फार बरं वाटलं. इंडेम्निटी, म्हणजे डॉक्टरवर भरपाईचा दावा आला तर कामाला येणारी विमा पॉलिसी, किती लाखांची घ्यावी असं विचारलंस. आकडा एजंट सांगेलच, मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे.

धडगाव, तोरणमाळकडून घाट उतरून बाई येते तेव्हा कळा सुरू होऊन बराच वेळ गेलेला असतो. अंगात रक्त कमी, कुणाला सिकलसेल हा रक्ताचा आजार, कुणाचं बीपी वाढलेलं. अशी बाई दारात आली की आपल्यातले कितीतरी जण नाडीही न बघता 'धुळ्याला न्या' म्हणतात. कारण एकच, केस होईल. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून ही भीती आमच्या पिढीच्या मानेवर बसली आहे. पण धुळ्याच्या वाटेवर सारंगखेड्याचा पूल ओलांडल्यावर गाडीतच तिला झटके आले, तर तिथे तिच्याजवळ कोण असणार? पाठवावं लागलंच तर आधी तपास, झटक्यांची लक्षणं असतील तर झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियमचा पहिला डोस दे, सोबत सिस्टर दे आणि पुढच्या डॉक्टरला स्वतः फोन कर.

आता विमा. या पॉलिसी बहुधा 'क्लेम्स मेड' असतात. दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू हवी आणि घटना रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतरची, म्हणजे पॉलिसीत मागच्या घटना जिथपासून धरल्या आहेत त्या तारखेनंतरची, हवी. एका वर्षी नूतनीकरण चुकलं तर मागची सगळी बाळंतपणं उघडी पडू शकतात. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे दावा घटनेनंतर बऱ्याच काळानेही येऊ शकतो, हे विसरू नकोस.

काही बिघडलं की नोटिशीची वाट न बघता कंपनीला लगेच लेखी कळव. कळवलं म्हणजे चूक कबूल केली, असं समजून लोक गप्प बसतात आणि उशीर हेच कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण होतं. घडलं तेवढंच लिही: वेळ, बीपी, काय दिलं, कुणाला बोलावलं. केसपेपरवर नंतर खाडाखोड अजिबात नको. नातेवाइकांनी मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. भरपाईचा शब्द कंपनीला विचारल्याशिवाय देऊ नकोस, पण काय झालं ते त्यांच्याजवळ बसून सांग. त्यांची पावरी बोली बोलणारी सिस्टर सोबत घे. आपल्याकडे भांडण पेटतं ते पुष्कळदा डॉक्टर तोंड लपवतो म्हणून.

माता दगावली तर आरोग्य विभागाला कळवणं वेगळं, तेही टाळू नकोस. त्यानंतर होणारं मातामृत्यूचं समीक्षण दोषी शोधायला नसतं. विम्याची फाइल वकिलाच्या कपाटात जाते, तिच्यातून कुणी काही शिकत नाही. समीक्षणात निदान रक्त कुठे मिळालं नाही, अ‍ॅम्ब्युलन्स कुठे अडली, हे समोर येतं.

पॉलिसीचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख कोणती टाकली आहे आणि सिस्टर, भूलतज्ज्ञ त्यात धरले आहेत का, ते आपण दोघं मिळून वाचू.