पाडव्याआधी कोणती खिडकी उघडू?

प्रश्न : ताई, नमस्कार. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. शेवटची सहा वर्षं त्या अंथरुणालाच होत्या. त्यांची पूर्वेकडची खोली अजून तशीच आहे. घरात शिरलं की कोंदट वाटतं. मैत्रिणीने फेंगशुई जाणणाऱ्या एका बाईंना आणलं. लाफिंग बुद्धा, तीन पायांचा बेडूक, स्फटिकाचा गोळा, घंट्यांची माळ अशी अठरा हजारांची यादी त्यांनी दिली आणि सगळं पाडव्याच्या आत आणायला सांगितलं. घेऊ का? माझंही काही खरं नाही, आरशात बघावंसंच वाटत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका घेऊ. फेंगशुईवर माझी माया आहे, म्हणूनच सांगते.

यजमानांच्या नोकरीमुळे मी नऊ वर्षं हाँगकाँगला राहिले. शेजारी एक आजी होत्या. तिथे आजीला पोपो म्हणतात, तसं आम्हीही म्हणायचो. त्यांचं नववर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येतं, आणि त्या सणाचं नावच वसंतोत्सव. वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला पोपो पदर खोचल्यासारख्या बाह्या वर करायच्या आणि एक म्हण म्हणायच्या : ‘निन या बात, साय लात तात’. अठ्ठाविसावी आली, मळ धुऊन काढा. त्या दिवशी घरातलं झाडून सगळं बाहेर यायचं. मग नववर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र केरसुणीला हात नाही, आलेलं भाग्य केराबरोबर बाहेर जाईल म्हणून. माझी आई तिन्हीसांजेला केर काढू द्यायची नाही, तेच हे. पोपोंच्या घरी बेडूक नव्हता, स्फटिक नव्हता. दाराशी फळांनी लगडलेलं छोट्या संत्र्याचं झाड आणि फुलदाणीत पीचच्या फुलांची एक मोठी फांदी, बस्स.

फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. पाठीशी डोंगर, समोर पाणी आणि मधून ‘ची’, म्हणजे प्राण, हलता राहील अशी जागा शोधायची, हे या विद्येचं मूळ. तिथल्या न्यू टेरिटरीज भागात जुन्या खेड्यांच्या पाठीमागे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या न तोडलेली झाडी आहे. तिला फेंगशुईचं रानच म्हणतात. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा कोकणातल्या आमच्या देवराईत उभी आहे असंच वाटलं. पाण्याचा उतार धरून ठेवणारी, वारा अडवणारी झाडी. दुकानात मिळणाऱ्या वस्तू या विद्येला फार उशिरा चिकटल्या.

आता तुमची खोली. फेंगशुईत पूर्व म्हणजे वसंत, लाकूड, हिरवा रंग आणि घरातली वडीलधारी माणसं. तुम्ही पत्राबरोबर पाठवलेल्या फोटोत पूर्वेची खिडकी सासूबाईंच्या लोखंडी कपाटामागे अर्धी झाकलेली दिसते. ते कपाट आधी हलवा. सकाळी ती खिडकी उघडा. दुपारनंतर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा बैठकीची खिडकी आणि मधलं दार दोन्ही उघडी ठेवा. घर कोंदट वाटतं कारण वारा आरपार जात नाही. त्याला घंट्यांची माळ काय करणार?

खोली एका दिवसात रिकामी करू नका, तुम्हाला ते झेपणार नाही. सहा वर्षं तुम्ही त्या खाटेशी जागल्या आहात. पहिल्या रविवारी फक्त औषधं, गोळ्यांची पाकिटं, रबरी चादर. मग वॉकर आणि हवेची गादी जवळच्या रुग्णसाहित्य केंद्राला द्या, तिथे कुणीतरी वाटच बघत असेल. त्यांची दोन मऊ लुगडी मात्र काढून ठेवा आणि गोधडी शिवून घ्या. फोटो राहू द्या, पण उजेडात.

आणि तुम्ही. पोपो नववर्षाच्या आधी केस कापून यायच्या, उसने पैसे फेडायच्या, तांदळाचा डबा काठोकाठ भरायच्या. घरासारखंच माणसानेही मोकळं होऊन नव्या वर्षात जायचं, अशी तिथली रीत. तुम्ही पाडव्याआधी केस कापून या. नवी साडी घ्या, हिरवी घेतलीत तर पोपोंना आवडेल. ज्या मैत्रिणींना सहा वर्षं ‘नंतर येते’ म्हणत राहिलात, त्यांच्यापैकी एकीकडे चहाला जा. अठरा हजारांनी घरात लक्ष्मी येईल असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्यातल्या हजारभरात त्या खोलीला पांढरा चुना नक्की लागेल.

प्रश्न : भाचीने दिलेला लकी बांबू पिवळा पडतोय. अपशकुन आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नाही. तो बांबूही नव्हे, आफ्रिकेतल्या रानातलं ड्रसीना जातीचं झाड आहे. नळाच्या पाण्यातली रसायनं आणि थेट ऊन त्याला सोसत नाही. खिडकीपासून थोडं आत ठेवा, गाळलेलं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी घाला आणि ते दर आठवड्याला बदला. पूर्ण पिवळी पडलेली कांडी मात्र आजच काढा, नाहीतर कूज शेजारच्या कांड्यांना लागेल.