स्टँडबायची ड्युटी मिळालीय म्हणून

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. "बाकीच्यांना कंट्रोल रूम, आणि मला स्टँडबाय सिस्टिमच्या चाचण्या," ही तुझी कुरकुर पोचली. स्टँडबाय म्हणजे एरवी गप्प उभी, अडचणीलाच धावणारी यंत्रणा, म्हणून तुला ती बिनमहत्त्वाची वाटते. त्यावर तुला बिग रॉक पॉइंटबद्दल सांगतो.

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी, शार्लव्हॉय गावाजवळ हे अणुवीज केंद्र होतं. १९६२ मध्ये सुरू झालं. क्षमता जेमतेम ६७ मेगावॅट. तुझ्या तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांसारखीच जनरल इलेक्ट्रिकची अणुभट्टी, पाणी भट्टीतच उकळून थेट टर्बाइनला वाफ देणारी. विजेबरोबर कॅन्सरच्या उपचारांसाठी कोबाल्ट-६० सुद्धा तिथे तयार व्हायचं. १९७१ च्या जानेवारीत सरावावर निघालेलं बी-५२ हे अमेरिकी बॉम्बर विमान जवळच सरोवरात कोसळलं, त्यातले नऊही जण गेले. केंद्राला धक्का लागला नाही. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो हाच प्रसंग. मला तो दुय्यम वाटतो.

केंद्र २९ ऑगस्ट १९९७ ला कायमचं बंद झालं. पुढच्या वर्षी, मोडायचं काम चालू असताना, खरी गोष्ट उघडी पडली. भट्टी एरवी थांबवतात त्या नियंत्रण कांड्या आत गेल्याच नाहीत, तर ती थांबवायला बोरॉनचं द्रावण आत सोडायची सोय होती. त्या द्रावणाचा पाइपच गंजून तुटलेला निघाला! दहाहून अधिक वर्षं भट्टी रोज चालत होती आणि तिचा हा शेवटचा आधार नुसता कागदावर होता. गरज पडली नाही, हे नशीब.

चालू पंप बिघडला तर आवाज करतो, अलार्म देतो. स्टँडबायवाला मुकाट मरतो. म्हणून चाचणीच्या तक्त्यावर सही करण्याआधी स्वतःला विचार, या चाचणीत नेमकं काय सिद्ध झालं? मोटर फिरली, की पाणी शेवटच्या टोकाला पोचलं? लाइन टाकीपासून भट्टीपर्यंत स्वतः चालत ट्रेस कर. जिथे नजर पोचत नाही तो तुकडा कोण, कधी, कसा तपासतं, ते जुन्या टेक्निशियनला विचार. तो निवृत्त व्हायच्या आत.

बिग रॉकची भट्टी २००३ मध्ये साउथ कॅरोलिनात नेऊन पुरली. आता केंद्राच्या जागी गवत आहे, आणि वापरलेलं इंधन भरलेली पिंपं अजून पहाऱ्यात उभी आहेत.

ट्रेस केलेल्या लाइनचं चित्र मला धाडू नकोस, नियमात बसत नाही. तुझ्या शिफ्ट इंचार्जना मात्र जरूर दाखव.

तुझा,
काका