वजन कमी आहे आणि वरचेवर सर्दी-ताप येतो. बळ वाढवण्यासाठी च्यवनप्राश सुरू करावा का?

सुरू करण्यापूर्वी आरशात जीभ पाहा आणि भूक कशी लागते, याचे स्वतःशी प्रामाणिक उत्तर द्या.

वयाच्या १९व्या वर्षी मी टायफॉईडमधून उठलो, तेव्हा अगदी रोडावलो होतो. बळ म्हणजे वजन, असे ठाम मत असलेले माझे थोरले काका सकाळ-संध्याकाळ समोर उभे राहून मला दोन-दोन मोठे चमचे च्यवनप्राश खायला लावत. जिभेवर पांढरा जाड थर होता, तोंडाला चव नव्हती आणि दुपार उलटली तरी ढेकरांना सकाळच्याच आवळ्या-तुपाचा वास येई. तीन आठवड्यांत वजन तर वाढले नाहीच, उलट जिना चढताना मध्येच बसावे लागू लागले. शेवटी ज्या वैद्यांकडे गेलो, त्यांनी नाडीच्याही आधी जीभ पाहिली, रसायन (बळ वाढवणारे औषध, इथे च्यवनप्राश) बंद केले आणि भूक लागेपर्यंत केवळ पातळ पेज ठेवली. ११व्या दिवशी पहाटे मला भुकेने जाग आली. काका मात्र शेवटपर्यंत "औषध अर्धवट सोडलंस" असेच ऐकवत राहिले.

काकांचे चुकलेच होते. अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद असताना जड रसायन दिले, तर धातूंचे (रस, रक्त, मांस अशा शरीरघटकांचे) पोषण न होता आम, म्हणजे नीट न पचलेला अंश, वाढतो. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात, सूत्रस्थान या भागाच्या २८व्या अध्यायात, व्याधी सहन न करणारी शरीरे सांगताना, अतिस्थूल शरीर पहिले आणि अतिकृश त्यानंतर येते. तेव्हा नुसत्या वजनावरून व्याधिक्षमत्व, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, ठरवता येत नाही. बळाच्या ३ प्रकारांपैकी सहज बळ जन्मतः मिळते, कालज बळ ऋतू आणि वयानुसार बदलते (हेमंत-शिशिरात ते उत्तम असते, ग्रीष्म-वर्षांत कमी). आपल्या हाती राहते ते युक्तिकृत, म्हणजे आहार-व्यायामाने कमावलेले. तोही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा. कपाळावर आणि काखेत घाम आला, तोंड कोरडे पडू लागले, की थांबावे.

भूक चांगली असेल तर च्यवनप्राश जरूर घ्या, मात्र मात्रा वैद्यांना विचारूनच ठरवा. मधुमेह असल्यास त्यातील साखर लक्षात घ्या, आणि ताप वारंवार येत असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्या. घरातले कोणी वडीलधारे चमचा घेऊन समोर उभे राहिले, तर "भूक लागली की घेईन" असे त्यांना आदराने पण स्पष्ट सांगा. मला तेव्हा ते सांगता आले नव्हते.