जेआर-टू झाले तरी स्वतःच्या डायग्नोसिसवर विश्वास नाही, कोर्स लावू का?

तुझं पत्र वाचलं. एमडी पॅथॉलॉजीचं दुसरं वर्ष, अर्धा दिवस ग्रॉसिंग (ऑपरेशनमधून आलेला अवयव बघून तपासणीसाठी त्याचे तुकडे कापणं), उरलेला रिपोर्ट टाइप करण्यात, आणि रिपोर्टिंगला मॅडम दोन मिनिटांत डायग्नोसिस सांगून पुढच्या ट्रेवर जातात, त्यामुळे आपण शिकतोय की नुसतं काम उपसतोय तेच कळत नाही म्हणतेस. कोर्सचे पैसे सध्या राहू देत, आधी एक शंभर पानी वही घे. लॉगबुक वेगळं गं, ते भरायचंच आहे, पण त्यात आपण काय काय केलं ते लिहितो, काय चुकलं ते कोण लिहितंय!

रिपोर्टिंगला बसायच्या आधी प्रत्येक केसचं आपलं डायग्नोसिस पेनाने लिहून ठेवायचं. मनातल्या मनात ठरवून उपयोग नाही, मॅडमनी सांगितलं रे सांगितलं की मन म्हणतं मलाही तेच वाटत होतं. मग शेजारी फायनल लिही, आणि जुळलं नसेल तर का ते एका ओळीत. स्लाइडवर होतं पण नजरेतून सुटलं, दिसलं पण अर्थ चुकीचा लावला, ग्रॉसिंगला तो भाग ब्लॉकमध्ये (स्लाइडसाठी मेणात बसवायच्या तुकड्यात) घेतलाच नव्हता, की फॉर्मवरची हिस्ट्री वाचली नव्हती? ‘अजून वाचायला पाहिजे’ हे औषध यातल्या एकाच दुखण्यावर चालतं, आणि आपण सगळे तेच घेत बसतो. आणि काही न जुळणं तुझं नसतंच. थायरॉइडच्या एफएनएसीत (बारीक सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत) फॉलिक्युलर निओप्लाझम, म्हणजे साधी की कॅन्सरची हे न ठरलेली गाठ, असं दिलं आणि ऑपरेशननंतर कार्सिनोमा निघाला तर वाईट वाटून घेऊ नकोस, कॅप्सूल, म्हणजे गाठीभोवतीचं आवरण, फोडून बाहेर पडलंय का, रक्तवाहिनीत शिरलंय का, हे सुईतून आलेल्या पेशींत दिसणार कसं?

माझीच गोष्ट सांगते. रेसिडेन्सीत असताना काउंटरवर (रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रावर) प्लेटलेट ४० हजार आले, पेशंटला रक्तस्राव वगैरे काही नाही, मी स्मिअरची (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराची) शेपटी न बघता रिपोर्ट सोडला. वॉर्डातून फोन, मग सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं तर काउंट नॉर्मल. पहिल्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनामुळे) प्लेटलेटचे गठ्ठे झाले होते. पुस्तकातलं मला पाठ होतं, सवय नव्हती. त्या दिवसापासून कमी काउंट दिसला की आधी शेपटी आणि कडा.

ग्रॉसिंगला कंटाळलीयस ते कळतंय, पण स्वतःला तपासायला त्यासारखी जागा नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या स्पेसिमेनमध्ये किमान १२ लिम्फ नोड तपासलेले असावेत. तू केलेल्या शेवटच्या दहा कोलेक्टॉमीचे (काढलेल्या मोठ्या आतड्यांचे) रिपोर्ट काढ आणि नोड मोज. सात-आठवरच अडकत असशील तर स्टेज कमी लागायची भीती आहे, पुढच्या वेळी चरबी पातळ कापून बोटांनी चाचपत जा, कमी भरले तर दुसऱ्या दिवशी परत बस, आणि दहा केसेस झाल्या की पुन्हा मोज. (रेक्टमला आधी रेडिएशन झालं असेल तर नोड मुळातच कमी सापडतात, त्या केसेस वेगळ्या धर.) अमेरिकेत १९९९ पासून रेसिडेंटच्या सहा मुख्य कौशल्यांत आपलं काम आपण तपासून सुधारणं हे एक धरतात. आपल्याकडे कुणी विचारणार नाही, पण मॅडमना हे आकडे दाखव, दोन मिनिटांच्या ऐवजी दहा मिळतील.

जिल्हा रुग्णालयातल्या डीआरपीचे (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅमचे) तीन महिने व्हायचे असतील तर वही सोबत ने. तिथे स्मिअर भरपूर मिळतात आणि दर वेळी शेजारी सीनिअर बसलेला असेलच असं नाही. फक्त वहीत पेशंटचं नाव नको, लॅब नंबर पुरे.