प्रेक्षकाला ‘मी पाहणारा की पाहिला जाणारा?’ असा प्रश्न पडेल असे मांडणीशिल्प कसे आखावे?

कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात तुम्हाला एक खोली मिळणार आहे, तिथे प्रेक्षकाची भूमिकाच डळमळीत करणारे मांडणीशिल्प (इन्स्टॉलेशन, म्हणजे प्रेक्षकाने आत शिरून अनुभवायची मांडणी) करायचे आहे, आणि सुरुवात कोणत्या उपकरणापासून करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी अशी कामे उभी करत आलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो की उपकरणाचा विचार शेवटी करावा. प्रेक्षक दारातून आत येताना स्वतःला कोण समजत असतो आणि नेमक्या कोणत्या क्षणी ती समजूत मोडावी, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता आले नाही, तर हात हलवला की रंग बदलणारी एखादी भिंत तयार होते. लोक तिच्यापुढे फोटो काढतात आणि आले तसे निघून जातात.

अमेरिकी कलाकार ब्रूस नाउमन यांचे 1970 चे ‘लाइव्ह-टेप्ड व्हिडिओ कॉरिडॉर’ हे काम या दृष्टीने बारकाईने अभ्यासावे. सुमारे 32 फूट लांब आणि जेमतेम 20 इंच रुंद अशी एक बोळकांडी, तिच्या टोकाला एकावर एक ठेवलेले दोन मॉनिटर आणि प्रवेशाच्या बाजूला उंचावर लावलेला कॅमेरा, एवढेच त्यात आहे. एका मॉनिटरवर रिकाम्या बोळकांडीचे आधीच केलेले चित्रण चालू असते, तर दुसऱ्यावर कॅमेरा त्या क्षणी टिपत असलेले दृश्य दिसते. पडदा नीट दिसावा म्हणून माणूस पुढे सरकतो, पण कॅमेरा मागे असल्यामुळे त्याला स्वतःची पाठ दिसते, आणि जितके जवळ जावे तितकी ती आकृती लहान होत जाते. रिकाम्या बोळकांडीच्या पडद्यावर तर तो नाहीच. पाहण्यासाठी जवळ जाणे ही प्रेक्षकाची सर्वांत स्वाभाविक कृती, आणि तीच इथे त्याला स्वतःपासून दूर नेते. कॅमेऱ्याची जागा आणि दोन भिंतींमधले अंतर या निर्णयांनी हे घडते. रुंदी चार फूट असती, तर दोन मित्र गप्पा मारत आत गेले असते आणि सगळा परिणाम विरून गेला असता.

अमेरिकी कलाकार डॅन ग्रॅहम यांनी 1974 च्या ‘प्रेझेंट कंटिन्युअस पास्ट्स’मध्ये हेच काम वेळेकडून करून घेतले. खोलीतल्या आरशात आताचे आपण दिसतो आणि मॉनिटरवर 8 सेकंदांपूर्वीचे. हा अवधी मोठा नेमका आहे, कारण आपण काय केले ते माणूस अजून विसरलेला नसतो, पण त्यावर त्याचा ताबाही उरलेला नसतो. माझ्या प्रयोगांत असे दिसले आहे की उशीर अगदी थोडा असेल तर लोकांना यंत्रात बिघाड वाटतो, आणि मिनिटभराचा असेल तर तोवर ते बाहेर पडलेले असतात. तुमच्या खोलीत माणूस साधारण किती वेळ रेंगाळतो ते पाहूनच हा अवधी ठरवा.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांच्या ‘शॅडो’ मालिकेत प्रेक्षकाची सावली समोरच्या भिंतीवर उमटते आणि निरनिराळ्या वस्तूंच्या सावल्या येऊन तिला चिकटत जातात. आपली म्हणून जी ओळखीची, तिच्यावरच परके ओझे चढते. तुमच्याही कामात पहिले काही क्षण सगळे अपेक्षेप्रमाणे वागू द्या. विश्वास बसल्याखेरीज तो ढळणार नाही.

बहुतेक आराखड्यांत दारावरचा स्वयंसेवक विसरलेला असतो. “आत काय आहे? हात लावला तर चालेल का?” असे लोक त्यालाच विचारतात आणि त्याच्या उत्तराने त्यांची भूमिका ठरते, म्हणून त्याची वाक्ये तुम्हीच लिहून द्या. एका कामात मी खोलीच्या मध्यभागी फक्त एक लाकडी खुर्ची ठेवली होती आणि दारावरच्या मुलाला “बसायचे असेल तर बसा” एवढेच बोलायला सांगितले होते. बहुतेक जण खुर्चीभोवती फिरून, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून मगच टेकत. पुढे आलेले लोक त्या बसलेल्या माणसालाच कलाकृती समजून भिंतीला लागून उभे राहत, आणि त्यांच्या नजरेखाली त्याला उठणेही अवघड होऊन बसे.

अशी अवघड अवस्था निर्माण करताना मर्यादा पाळाव्याच लागतात. 2000 साली डेन्मार्कमधील ट्रॅपहोल्ट संग्रहालयात मार्को एव्हारिस्टी या कलाकाराने जिवंत सोनमासे असलेले मिक्सर मांडले आणि ते चालू करण्याचे बटण प्रेक्षकांच्या हाती ठेवले. कोणीतरी ते दाबले. बटण न दाबणाराही तिथे निव्वळ प्रेक्षक राहिला नव्हता, हे त्या कामाचे बळ मला मान्य आहे, पण त्याची किंमत मुक्या जिवाने मोजावी हे मुळीच पटत नाही. तुमच्या खोलीत बाहेर जाण्याची वाट नेहमी दिसती ठेवा, कॅमेरा असल्याची पाटी दाराबाहेर लावा आणि चित्रण साठवू नका. पाटीमुळे परिणाम कमी होईल अशी भीती बाळगू नका. कॅमेरा आहे हे ठाऊक असूनही स्वतःची पाठ पाहून माणूस चमकतोच.

एवढे ठरले की पुठ्ठे आणि काळे कापड लावून खोलीची कच्ची उभारणी करा, तूर्त मोबाइलचाच कॅमेरा वापरा, आणि कामाविषयी काहीही माहीत नसलेल्या लोकांना एकेक करून आत सोडा. ते कुठे थबकतात, कुठे वळून पाहतात त्या जागा जमिनीवर खडूने आखून ठेवा. कॅमेरा आणि दिवे यांच्या जागा त्या खुणांवरून ठरवा, आणि खरेदी त्यानंतरच करा.