झाड पाडायचं की ठेवायचं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

उन्हाळा चढला आणि आंधी सुरू झाली की माझ्याकडे फुलझाडांचे प्रश्न कमी होतात आणि मोठ्या झाडांचे वाढतात. ह्या वेळी सगळी पत्रं ग्वाल्हेरचीच घेतलीयेत, त्यातलं एक झाड तिकडे अॅरिझोनात आहे पण विचारणाऱ्या काकू आपल्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्याच.

प्रश्न : ताई, थाटीपूरला आमचं जुनं घर आहे. पुढे सासऱ्यांनी लावलेला कडुनिंब आणि कोपऱ्यात गुलमोहर. निंब घराकडे झुकलेला आहे. गुलमोहराची एक मोठी फांदी मागच्या आंधीत शेजारच्यांच्या गाडीवर पडली, तेव्हापासून शेजारी रोज विचारतात कधी पाडताय म्हणून. एक माणूस म्हणतो दोन्ही झाडं फुकट पाडून देतो, फक्त लाकूड माझं. मिस्टर म्हणतात देऊन टाकू, कटकट मिटेल. काय करू?

उत्तर : देऊ नका. निदान आत्ता तरी नको. फुकट पाडणाऱ्याचं लक्ष लाकडावर असतं, तुमच्या छपरावर नसतं. त्याला बुंधा लांब आणि अख्खा हवा असतो म्हणजे तो झाड उभंच्या उभं पाडायला बघणार, आणि थाटीपूरच्या प्लॉटमध्ये अख्खा निंब आडवा पडेल एवढी जागा असते कुठे? एक अंदाज देते, फूटभर जाडीची आणि दहा फूट लांबीची ओली फांदी दोनशे किलोच्या आसपास भरते. ही एक फांदी झाली, झाड नाही. ती दोरीशिवाय सुटली तर पॅरापिट, पाण्याची टाकी, वायर काहीच शिल्लक राहत नाही, आणि खाली कोणी माणूस असेल तर विचारच करवत नाही.

आता दोन्ही झाडांचं वेगवेगळं बोलू कारण त्यांची केस एकसारखी नाहीच.

निंब झुकलाय म्हणता, पण कधीपासून? लहानपणापासून उजेडाकडे वाकत वाढलेलं झाड असेल तर खोड तिरकं आणि वरचा शेंडा पुन्हा सरळ आभाळाकडे गेलेला दिसेल. असं झाड बहुतेक वेळा पक्कं असतं, त्यानं त्या झुकावाप्रमाणे मुळं धरलेली असतात. पण गेल्या वर्षी सरळ होतं आणि आता अख्खंच्या अख्खं तिरकं झालंय असं असेल तर घाई करायची. बुंध्याशी वाका आणि झुकावाच्या उलट बाजूची माती बघा, तिथे भेग पडलीय का, जमीन फुगून वर आलीय का, लाद्या उचलल्यात का. खोडाला खाली छत्र्या किंवा लाकडासारखे टणक तुकडे उगवलेत का, कारण ती बुरशी आतलं लाकूड खाऊन बाहेर आलेली असते. लाकडी हातोडीनं ठिकठिकाणी ठोकून बघा, भरीव खोड बद्द वाजतं आणि पोकळ खोड ढोलासारखं. आणि हे आठवा की गेल्या दोनतीन वर्षांत नाली, पाइपलाइन किंवा रस्त्यासाठी बुंध्याजवळ खोदलं होतं का, कारण मुळं एका बाजूनं तोडली गेली की झाड वर्षभर हिरवंगार दिसतं आणि मग एका आंधीत जातं, लोक म्हणतात अचानक पडलं, अचानक काही नसतं ते.

अजून एक, फेब्रुवारी-मार्चमध्ये निंबाची पानं गळतात तेव्हा दरवर्षी कोणीतरी मला लिहितं की झाड मेलं. बारीक फांदी नखानं खरवडा, आत हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत आहे. बास.

वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांतलं काही सापडलं नाही तर निंब पाडायचा नाही, घराकडचं वजन कमी करून घ्यायचं. आणि इथेच आपल्याकडे घात होतो. वजन कमी करायचं म्हणजे वरून सपाट छाटून झाडाचा खांब करायचा असं नाही हो! तसं केलं की त्या ठुंठावर पन्नास कोंब एकदम फुटतात, ते सालीलगत वरवर चिकटलेले असतात, दोनचार वर्षांत जाड होतात आणि तेच आंधीत मोडून पडतात, म्हणजे धोका घालवायला गेलात आणि वाढवून आलात. वर आपल्या उन्हात, मे महिन्यात 45-46 डिग्रीला, जी साल वर्षानुवर्षं सावलीत होती ती उघडी पडली की भाजते, तडकते, आणि त्या तड्यातून कीड शिरते. म्हणून एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पानोरा काढू द्यायचा नाही, आणि ही छाटणी दिवाळीनंतरच्या थंडीत करायची. मे-जूनमध्ये फक्त वाळलेलं, मोडलेलं, लोंबणारं तेवढं काढायचं.

फांदी कापताना स्वतः खाली उभं राहून बघा. जाणकार माणूस खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप घेतो, मग त्याच्या जरा पुढे वरून कापतो, फांदी पडते, आणि उरलेला तुकडा शेवटी काढतो, तोही खोडाला घासून नाही तर जिथे फांदी खोडाला मिळते तिथली सुजल्यासारखी गोल कडा शाबूत ठेवून. त्या कडेतूनच झाड जखम बंद करतं. जो माणूस पहिला घाव वरून घालतो त्याच्या फांदीबरोबर खोडाची साल खालपर्यंत सोलून निघते, त्याला तिथेच थांबवा. आणि कापावर डांबर, गेरू, पेंट काही लावू नका, गरज नसते.

गुलमोहराचं मात्र मी वेगळं सांगेन. तो मूळचा मादागास्करचा, दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. एक मोठी फांदी गेलीय म्हणता, तिथली जखम बघा, आत लाकूड तपकिरी भुसभुशीत झालं असेल आणि खाली येण्याजाण्याची वाट असेल तर तो काढावा असंच माझं मत आहे, वाईट वाटलं तरी. पण तोही तुकड्या-तुकड्यानं. माणूस दोर आणि सेफ्टी बेल्ट लावून वर जाणार, फांद्या दोरीला बांधून एकेक खाली सोडणार, मग खोड शेंड्याकडून खाली दोनदोन तीनतीन फुटांचे ओंडके करत उतरवणार. एवढ्या कामाला पैसे लागतात आणि ते द्यावेत. तिघांकडून भाव घ्या आणि कागदावर लिहून घ्या की खुंट कुठपर्यंत काढणार, लाकूड-पालापाचोळा कोण नेणार, लाकडाची किंमत भावातून वजा होणार का, भिंतीला किंवा कोणाला लागलं तर जबाबदारी कोणाची. पूर्ण पैसे आधी द्यायचे नाहीत.

आणि परवानगी! आपलं अंगण, आपलं झाड, तरी मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी 2001 चा कायदा आहे, झाड पाडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नगर निगमात अर्ज द्या, सोबत फोटो लावा, भेग, बुरशी, मोडलेली फांदी सगळं जवळून दिसेल असे. फुकटवाला कधी हे सांगत नाही कारण पाडून तो निघून जातो, कागद तुमच्या नावानं येतो. विजेची तार फांद्यांतून जात असेल तर 1912 ला फोन करून लाइन बंद करून घेतल्याशिवाय कोणाला वर चढू देऊ नका, ओली फांदी तारेला टेकली तरी करंट येतो. चढण्याआधी घरटी आणि ढोली पण बघून घ्या, पोपटांची पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा.

शेजाऱ्यांना अर्जाची पोचपावती दाखवा, रोजचा प्रश्न थांबेल.

प्रश्न : ताई, मी लश्करला असते, मुलगा-सून फीनिक्सला. त्यांच्या घरामागे शिसमाचं मोठं झाड आहे आणि ते काढायला निघालेत. आपल्याकडचं शिसम, तेही वाळवंटात इतकी सावली देणारं, आणि हे तोडणार! सून म्हणते आई तुम्ही ताईंना विचारा, त्या म्हणतील तसं करू. मी तुमच्या भरवशावर आहे.

उत्तर : काकू, तुमचं मन समजतं पण मी सुनेच्या बाजूनं आहे, आणि का ते सांगते.

शिसम आपल्याकडचं नदीकाठचं झाड. पुराच्या गाळात, वाळूत पसरायला जागा असते, मुळांतून नवे कोंब काढत ते काठ धरून ठेवतं. तोच गुण फीनिक्सच्या छोट्या बॅकयार्डात अवगुण होतो. तिथे ते भराभर वाढतं, सावली पटकन मिळते म्हणून लोकांनी खूप लावलं, आणि मग मुळं पाण्याच्या शोधात लॉनखाली, पॅटिओखाली, स्विमिंग पूलकडे, शेजारच्या ब्लॉकच्या भिंतीखाली गेली. लाद्या उचलतात, भिंतीला तडे जातात, दहा-पंधरा फुटांवर मधूनच कोंब उगवतात. भिंतीपासून अगदी जवळ लावलेलं असेल तर ते तिथे नांदणार नाही.

पण घाईनं नको. फीनिक्सची सावली ही चैन नाहीये, 2023 मध्ये तिथे सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट म्हणजे 43 डिग्री किंवा त्याच्या वर गेला होता. झाड घराच्या पश्चिमेला असेल तर ते गेल्यावर दुपारचं ऊन सरळ भिंतीवर येणार आणि एसीचं बिल वाढणार. तेव्हा शक्य असेल तर आधी दुसरं झाड लावा, नीट अंतर ठेवून, ते धरलं की शिसम काढा. तिथलंच मेस्क्वीट, आयर्नवुड किंवा पालो वर्दे लावावं. पाणी बुंध्याशी रोज थोडंथोडं दिलं की मुळं तिथेच गोळा होऊन बसतात आणि मग 15 जून ते 30 सप्टेंबरच्या त्यांच्या मान्सूनमध्ये वरून कोसळणारा वारा आला की झाड मुळासकट उताणं होतं. पाणी लांबलांबून, खोलवर आणि बऱ्याच दिवसांनी एकदा, आणि झाड वाढेल तसा ड्रिप बुंध्यापासून बाहेर सरकवत न्यायचा.

काम कोणाला द्यायचं? तिथे आर्बोरिस्ट म्हणून झाडांच्या कामाची रीतसर परीक्षा दिलेले लोक असतात, आयएसए म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सर्टिफाइड का ते विचारावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कामगारांचा आणि नुकसानभरपाईचा दोन्ही इन्शुरन्स, त्याचा कागद थेट इन्शुरन्स कंपनीकडून मागवावा, ठेकेदाराच्या मोबाइलवरचा फोटो नको. सोसायटी असेल तर त्यांची मंजुरी. खुंट मशीननं दळून काढायच्या आधी 811 वर फोन करून गॅस, पाणी, विजेच्या लाइन कुठून गेल्यात त्याच्या खुणा करून घ्यायच्या, दोन कामाचे दिवस आधी.

आणि सगळ्यात मुद्द्याची गोष्ट, शिसम नुसतं कापून उपयोग नाही. कापलं की जमिनीतल्या मुळांना वाटतं आता आपणच, आणि सगळीकडून कोंब. म्हणून कापल्याबरोबर, ताज्या कापाच्या कडेच्या ओल्या भागावर, तणनाशक लावावं लागतं, तासाभरानं नाही, तेव्हाच्या तेव्हा, आणि खुंट नंतर दळायचा. फक्त शेजाऱ्याकडे त्याच मुळातून आलेलं शिसम उभं असेल तर औषध तिथपर्यंत जाऊ शकतं, हे आर्बोरिस्टला आधी विचारायला सांगा. त्यानंतरही वर्षभर कोंब दिसला की लगेच काढायचा.

लाकूड मात्र टाकू देऊ नका हं. शिसमाचा ओंडका आहे तो, तिथे छोट्या सॉ मिलवाल्याकडून फळ्या पाडून घ्या, सावलीत वर्षभर वाळू द्या, नातवाला अभ्यासाचं टेबल होईल.

प्रश्न : दौलतगंजच्या आमच्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. आजी हात लावू देत नाही. वाढतोय तर खरा.

उत्तर : आजींना सांगा की मारायचा नाहीये, हलवायचा आहे. बोटाएवढा असेल तर पावसाळ्यात भिंत ओली असताना मुळांसकट सोडवून मोकळ्या जागी, तळ्याकाठी किंवा देवळाच्या आवारात लावता येतो, रुजतोही. मनगटाएवढा झाला असेल तर तो ओढू नका, चुन्याची भिंत त्याच्याबरोबर येईल. तेव्हा भिंतीचा जाणता गवंडी आणि झाडवाला दोघांना एकत्र बोलवा, मुळं कापून औषध लावून आत मरू द्यायची आणि फट चुन्यानं भरायची. दरवर्षी नुसता वरून छाटत राहाल तर आत मूळ जाड होत राहणार.

प्रश्न : जूनमध्ये माणसं झाड काढायला येणारेत, काही तयारी?

उत्तर : पहाटे साडेपाच-सहाला सुरू करून दहा-साडेदहाला थांबायचं हे आधीच ठरवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. उन्हात दोरीवर टांगलेल्या माणसाला चक्कर आली तर खाली आणायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. प्यायचं पाणी, ओआरएस किंवा कैरीचं पन्हं तयार ठेवा. गाड्या, कुंड्या, मुलं सगळी लांब. कापायची मशीन तापलेली असताना त्यात पेट्रोल भरू देऊ नका, खाली वाळलेला पाला असतो, भडका उडतो. आणि आभाळ पिवळं होऊन वारा पडला, आंधीची लक्षणं दिसली, की काम अर्धवट राहिलं तरी चालेल, माणसाला आधी खाली उतरवा.